दहापैकी दहा

घण पहिल्यांदा उचलला तो बाबांनीच. पुढे पोलिसांच्या कागदांत, विद्यापीठाच्या कागदांत आणि लोकांच्या तोंडी या गोष्टीचा क्रम बराच उलटासुलटा झाला. पण लेक त्या वेळी कार्यशाळेच्या दारात उभी होती आणि तिने तो क्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आधी कागद आला. मग घण. मग काठी. मग पाना.

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून ती आपल्या शिकवणीवर्गातून लवकर निघून आली होती. बाबा प्राध्यापक होते त्या विद्यापीठाची कार्यशाळा म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका भिंतीला लेथ, दुसरीला ड्रिलिंग मशीन, तेल पिऊन पिऊन काळी झालेली फरशी, आणि मधोमध चार बोल्टांवर आवळून बसवलेलं ते यंत्र. घायपाताच्या पानातून वाख काढणारं. पान आत सरकवायचं, पात्यांचा ढोल गरगर फिरतो, गर खरवडून टाकतो आणि मागे दोरखंड वळायचा पांढरा वाख उरतो. असली यंत्रं जगात पुष्कळ आहेत. त्यांत एकच खोट असते. पानाचं दुसरं टोक माणसाने हातात धरायचं असतं, आणि ढोलाने पान ओढलं की कधीकधी हातही ओढला जातो. घायपाताच्या प्रत्येक मळ्यावर एक तरी माणूस दोन्ही हात जोडून नमस्कार करू न शकणारा असतो.

कार्यशाळेच्या फिटरच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली होती, पहिल्या नमुन्यावर, बावीस वर्षांपूर्वी. त्या दिवशी बाबांनी ती बोटं रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेली होती. डॉक्टरांनी ती परत दिली. तेव्हापासून बाबांनी ध्यास घेतला तो चिमट्याचा: पान घट्ट धरेल, पण हाताला जवळही फिरकू देणार नाही असा चिमटा. बावीस वर्षं सुट्ट्यांमध्ये, रविवारी, भंगारातून पोलाद, बीड निवडून, फिटरने आणि त्यांनी तो घडवला होता. फिटर तिला लहानपणापासून ओळखायचा. ती त्याला काका म्हणायची.

आणि आज शेडमध्ये आणखी माणसं होती. विद्यापीठाच्या शोधहक्क कार्यालयाचा प्रमुख, ज्याला बाबा पाठीमागे हक्कसाहेब म्हणत. दोन सुरक्षारक्षक. यंत्र उचलायला आणलेले चार हमाल.

"सर, कंपनीबरोबर सह्या झाल्यात," हक्कसाहेब म्हणाला. "आज उचलायचंय."

"काय उचलायचंय?"

"यंत्र."

"माझं?"

"विद्यापीठाचं."

काका कॉम्प्रेसरवर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "साहेब, विद्यापीठाचा झाडू त्या कोपऱ्यात आहे. तो घेऊन जा. हे आमचं."

हमाल हसले. हक्कसाहेब हसला नाही. पण रागावलाही नाही. रागावण्याची त्याला गरजच नव्हती.

"मला कधी कुणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सुट्टीत केलेलं काम, भंगारातून केलेलं काम, ते तुमचं होतं म्हणून? कुणी सांगितलं मला? कधी?"

"सांगितलं होतं सर. लेखी. नुसतं सांगितलं नाही, तुम्हाला ते समजलंय की नाही याची परीक्षाही घेतली." त्याने फोल्डरमधून तीन पानं काढली. "हा उतारा. हे त्यावरचे प्रश्न. ही तुमची सही. दहापैकी दहा, सर! आख्ख्या विद्याशाखेत तुम्ही एकटे. बाकीच्यांची सहासातवर गाडी अडली. कुलसचिवांनी तुमचा पेपर नमुना म्हणून फळ्यावर लावला होता."

बाबांनी कागद घेतला आणि डोळ्यांशी नेला. मोतीबिंदूमुळे हल्ली ते सगळंच नाकाला लावून वाचत. उताऱ्यातल्या दहा ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेसमोर समासात गोल करून प्रश्नाचा क्रमांक. त्यांनी पान उलटलं, परत पहिलं पान पाहिलं, आणि मग मान वर करून दाराकडे पाहिलं.

एवढंच. बोट दाखवलं नाही, भुवई उचलली नाही. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि चष्म्याच्या वरून ते दोन गढूळ डोळे तिच्याकडे. "हे मी सोडवलेलं नाही" एवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. तिलाही पुरलं असतं. दोघांपैकी कुणी ते बोललं नाही.

बाबांनी कागद बाकावर ठेवला, चष्मा काढून त्यावर ठेवला, आणि भिंतीला टेकवलेला घण उचलला.

पहिला घाव चिमट्यावर बसला. बिडाचा तुकडा उडाला आणि एका हमालाच्या नडगीला लागला. तो बोंबलत खाली बसला. दुसऱ्या घावाने चिमट्याचा जबडा तुटून लोंबायला लागला. बासष्ट वर्षांचा, नीट दिसत नसलेला माणूस, पण बावीस वर्षं हाताखालून गेलेल्या यंत्राचा कुठला सांधा कुठे आहे हे त्याला डोळे मिटूनही कळत होतं. तो एकेक सांधा शोधून फोडत होता.

"धरा! धरा त्यांना!" हक्कसाहेब ओरडला.

दोघा रक्षकांतला दांडगा मागून आला आणि त्याने बाबांना कव घातली. बाबांचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. रक्ताची चव लागली तसा तो पिसाळला. काठी एकदा खांद्यावर पडली, एकदा कानाच्या मागे. बाबा पुढे कोसळले ते ढोलावर. ढोलाची पाती धारदार नव्हती. वाख खरवडायला धार लागत नाही. पण कपाळाला ती पुरली.

काकांच्या हातातला चहाचा पेला अजून फरशीवर फुटायचा होता, तोवर बत्तीस नंबरचा पाना त्यांच्या मुठीत आला होता. ते रक्षकाकडे गेलेच नाहीत. ते फोल्डर घेतलेल्या माणसाकडे गेले. पाना जबड्यावर बसल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. हक्कसाहेब बसकण मारून खाली बसला आणि तोंडातून लाळ, रक्त आणि दोन दात ओंजळीत घेऊन त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ते कुणाचे आहेत हे त्याला ठरवायचं होतं. मग दोघे रक्षक मिळून काकांवर तुटून पडले. खाली पाडून लाथा घातल्या. त्यांचा उजवा हात, पाच बोटांचा, बुटाखाली घेतला आणि टाच फिरवली.

लेक बाबांजवळ पोचली होती. तिने दोन्ही तळवे त्यांच्या कपाळावर दाबून धरले. रक्त इतकं गरम असतं हे तिने शंभर पुस्तकांत वाचलं होतं. कुणीतरी तिला मागून ओढलं. तिने त्या मनगटाला दात लावले आणि सुटेपर्यंत सोडलं नाही.

बाबा तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले. शुद्ध आलीच नाही.

*

दांडग्या रक्षकावरचा खटला वेगळा चालणार होता. विद्यापीठाने चौकशी लावली ती काकांची. जबडा फोडला हे काका नाकारत नव्हते. "तो मीच फोडला, अजून एक असता तर तोही फोडला असता," असं त्यांनी पोलिसांना लिहूनच दिलं होतं. पण विद्यापीठाचं म्हणणं त्याहून पुढचं होतं. यंत्र आपलं नाही हे प्राध्यापकांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते हाती लागू नये म्हणून त्यांनी आणि फिटरने संगनमताने ते फोडायचं आधीच ठरवलं होतं. म्हणजे नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेलं, आणि फौजदारी कलमांत आणखी एकाची भर, ज्याला सात वर्षं होती. आणि 'पक्कं ठाऊक होतं' याला पुरावा एकच: दहापैकी दहा.

ती त्यांना भेटायला गेली तेव्हा ते वॉर्डातल्या खाटेवर प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसले होते.

"तो कागद त्यांनी बनवलाय बघ," काका म्हणाले. "सर कसले परीक्षा देतायत! सरांना स्वतःच्या पगाराची चिठ्ठी वाचायचा कंटाळा. आणि खोटं? बावीस वर्षांत एकदा खोटं बोलले, तेही माझ्या बायकोशी, माझी बोटं गेली तेव्हा. 'किरकोळ खरचटलंय वहिनी.'" ते हसले आणि बरगड्या दुखल्या म्हणून थांबले. "कुणीतरी हलकटाने खोटी सही मारलीय. तू लिहिता-वाचता येणारी आहेस पोरी, तू शोधून काढ."

तिने त्यांना संत्रं सोलून दिलं. प्रत्येक फोडीची शीर नीट काढून. सांगितलं काहीच नाही.

कारण सही खोटी नव्हती. बाकी सगळं तिचं होतं.

ती स्पर्धा परीक्षांच्या मुलांना आकलन शिकवायची. चौदा वर्षं. पहिल्या दिवशी ती फळ्यावर एकच वाक्य लिहायची: तुम्हाला काय वाटतं हे कुणीही विचारलेलं नाही. प्रश्न आधी वाचा, उतारा मग. उत्तर सापडलं की ओळीखाली रेघ मारा, समासात क्रमांक गोल करा, पुढे चला. उतारा मधमाशांवर असो की फाशीच्या शिक्षेवर, आपल्याला सारखाच. एका मुलीला उताऱ्यातल्या आजीची गोष्ट वाचून रडू आलं होतं, तर हिने तिला सांगितलं होतं, "रडलीस तिथे चाळीस सेकंद गेले."

गेल्या वर्षी एका सकाळी बाबांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन पानं टाकली. "हे बघ थेर! या वयात मला उताऱ्यावरचे प्रश्न. तिसरं स्मरणपत्र आलंय. तूच सोडव बाई, तुझा धंदाच आहे."

"कशावर आहे?"

"असेल कशावर तरी. हक्कसाहेबाचं पिल्लू आहे."

गॅसवर दूध होतं. दूध वर येईपर्यंत तिने ते सोडवलं. अकरा मिनिटं. विद्यापीठातील अध्यापकांनी लावलेल्या शोधांची मालकी. साधने विद्यापीठाची असल्यास. काळ सुट्टीचा असला तरी. नमुना, आराखडे, टिपणे. उतारा बरा लिहिलेला होता, फसवे पर्याय मात्र बाळबोध. दहाही उत्तरं बरोबर आहेत हे तिला न तपासता कळलं, आणि थोडं बरं वाटलं.

बाबांनी न वाचता सही ठोकली. पेनाला टोपण लावता लावता विचारलं, "काय म्हणतायत काय?"

"नेहमीचंच," ती म्हणाली.

तिने ओळ न् ओळ वाचली होती. सुट्टी, साधनं, नमुना. ती वाक्यं तिने उतारा म्हणून वाचली होती. समोर बसून सायीचा चहा पिणाऱ्या माणसाच्या बावीस वर्षांची ती बातमी आहे, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. शिरू द्यायचं नसतं, हेच तर ती शिकवत होती. तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांनी यंत्र विद्यापीठाबाहेर हलवलं असतं, वकील गाठला असता, भांडले असते. भांडायला ते खमके होते. त्यांना वेळ मिळायला हवा होता फक्त.

*

चौकशी दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होती. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या केसांच्या, सर्दी झालेल्या. हक्कसाहेबाचा जबडा तारेने आवळलेला. तो वहीत लिहायचा आणि शेजारचा लिपिक वाचून दाखवायचा. काका भिंतीलगतच्या स्टुलावर, प्लास्टर मांडीवर.

"तुम्हाला काही सांगायचंय म्हणे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तो पेपर मी सोडवला," ती म्हणाली. "बाबांनी तो वाचलाही नव्हता. नियम त्यांना माहीत नव्हता. काकांना तर नव्हताच."

स्टूल कुरकुरलं. तिने तिकडे पाहिलं नाही.

हक्कसाहेबाने लिहिलं. लिपिकाने वाचलं: "मॅडमना या इसमाला वाचवायचे आहे. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येते."

अध्यक्षबाईंनी नाक पुसलं. "कोरा पेपर आहे का तुमच्याकडे? द्या त्यांना. मूळ प्रत माझ्याकडे असू दे, त्यांना दिसायला नको. घ्या बाई, सोडवा. तेव्हा सोडवला होतात तसाच."

तिच्यासमोर तीन पानं आली आणि एक पेन्सिल.

खोटं उत्तर देणं सोपं होतं. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सगळीकडे 'शोधकर्त्याचा' यावर खूण करावी आणि उठून जावं, अशी एक लाट तिच्या दंडातून खाली आली. पण मग पेपर जुळला नसता, आणि काका तुरुंगात गेले असते. काकांना सोडवायचं तर आता, या खोलीत, शुद्धीवर, दहापैकी दहा मिळवायला हवे होते.

प्रश्न आधी. उतारा मग.

प्रश्न तीन: सुट्टीच्या काळात विद्यापीठाची साधने वापरून लावलेल्या शोधाचा हक्क कोणाचा? सहावी ओळ. तिने रेघ मारली. कपाळ ढोलावर आपटल्याचा आवाज आला. तिने समासात तीनचा आकडा गोल केला. प्रश्न पाच: शोधाचा नमुना शोधकर्त्याने नष्ट केल्यास काय होते? दुसऱ्या परिच्छेदाची शेवटची ओळ. बिडाचा तुकडा, नडगी. गोल. प्रश्न सात: कानामागे पडलेली काठी. रेघ, गोल. तळवे ओले झाले होते. तिने ते पदराला पुसले आणि क्षणभर पदराकडे पाहिलं. घामच होता. प्रश्न नऊ: उताऱ्याच्या लेखकाचा सूर कसा आहे? अ) संतप्त, ब) उपरोधिक, क) तटस्थ, ड) हळवा. टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता, हाताच्या अंतरावर. समोर तारेने आवळलेला जबडा होता, आणखी एका घावाला सहज पोचेल असा. तिने 'क' वर खूण केली.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत सोपा होता. उताऱ्यानुसार, अध्यापकाने लावलेल्या शोधाचा मालक कोण? तिने 'विद्यापीठ' समोर खूण केली. पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं.

अध्यक्षबाईंनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ त्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. रेघा त्याच ओळींखाली होत्या. सहाव्या ओळीत तर रेघ तेव्हाही 'साधने' पासून सुरू झाली होती, आत्ताही. आकड्यांची गोल कुंपणं तीच.

"नोंद घ्या," त्या लिपिकाला म्हणाल्या. "पेपर कन्येने सोडवलेला आहे. प्राध्यापकांना नियमाची माहिती होती हे सिद्ध होत नाही. संगनमताचा आरोप गळतो. मारहाणीचं पोलीस बघतील." मग तिच्याकडे वळून, "दुसऱ्याच्या नावावर परीक्षा दिलीत. तुमच्यावर तक्रार जाईल. तुमचा वर्ग बंद होईल. कळतंय ना?"

"हो."

हक्कसाहेब पुन्हा लिहायला लागला होता. या वेळी त्याने खोडलं, परत लिहिलं. लिपिकाने वाचलं, "मग प्राध्यापकांनी त्याच वेळी कार्यशाळेत हे का सांगितले नाही?"

हा कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मी दारात उभी होते," ती म्हणाली.

*

बाहेर लांबलचक बोळ होता, एका टोकाला खिडकी. काका तिच्या मागोमाग बाहेर आले. लंगडत. ती थांबली.

"तू दारात उभी होतीस."

"हो काका."

"सरांनी तुझ्याकडे पाहिलं, ते मी पण बघितलं. मला वाटलं, पोरीला घाबरू नको म्हणतायत."

"हो."

"आणि तू तोंड उघडलं नाहीस."

ती काही म्हणायच्या आत हात आला. डावा. दोन बोटं नसलेला हात हलका असेल असं कुणालाही वाटलं असतं. तो हलका नव्हता. तिचं डोकं भिंतीवर आपटलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि नाकातून गरम धार ओठांवर आली. तिने हात वर केला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हात उगारला. तो हवेत तसाच राहिला.

बोळाच्या टोकाचा रक्षक काठी सावरत धावत आला. "ए! काय चाललंय?"

"आमचं घरचं आहे," ती म्हणाली. तोंडात रक्त गेल्यामुळे शब्द ओला आला. "तुम्ही जा."

"मॅडम, रक्त येतंय तुम्हाला."

"जा म्हटलं ना!"

तो दोन पावलं मागे सरकला आणि तिथेच घुटमळला.

काका भिंतीला पाठ घासत खाली बसले. ती त्यांच्या शेजारी बसली.

"मान मागे नको टाकूस," ते चिडून म्हणाले. "पुढे कर. गिळशील सगळं. नाक दाब, इथे, हाडाच्या खाली. अगं इथे!" आणि आपल्या तीन बोटांनी त्यांनीच ते दाबून धरलं.

"आधी सांगितलं असतंस मला," ते मग म्हणाले, "वॉर्डात, तर मी तुला खिडकीतून खाली फेकली असती."

"माहीत होतं," ती नाक दाबलेल्या आवाजात म्हणाली. "म्हणून फक्त संत्रं आणलं."

त्यांच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की दुसरं काही, ते तिने मान वळवून पाहिलं नाही. खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

सभागृहाचं दार उघडलं आणि लिपिक तिचा जबाब घेऊन बाहेर आला. दोघांना फरशीवर बघून त्याला काय करावं कळेना. तो वाकला आणि कागद तिच्या गुडघ्यावर ठेवला. "इथे सही, मॅडम. नावापुढे."

तिने पेन घेतलं. सही करताना काकांच्या बोटांच्या फटीतून एक थेंब निसटला आणि कागदावर, शेवटच्या ओळीच्या शेजारी पडला.

"अरेरे," लिपिक म्हणाला. "दुसरी प्रत काढून आणू का? हे फाइलला लावायचंय."

"नको," काका म्हणाले. "हीच लाव."